पेठेतलं घर: पैसे टाकण्याआधी कळायला हव्यात अशा गोष्टी

पुण्याच्या पेठांमध्ये ‘जागा विकणे आहे’ या पाटीखाली चार निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात: अख्खा वाडा, वाड्यातला एखाद्या वारसाचा वाटा, वाड्यातल्या दोन खोल्यांची पागडी (ठोक रक्कम मोजून घेतलेला भाडेहक्क), आणि वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीतला फ्लॅट. बोळ एकच असला तरी हातात येणारा हक्क चारही वेळा वेगळा. बाणेर-बालेवाडीत फ्लॅट घेताना बिल्डर, मजला आणि भाव पाहून बऱ्यापैकी भागतं. पेठेत भाव सगळ्यात शेवटी बघायचा. आधी तीन प्रश्न: सह्या कुणाकुणाच्या लागतील, आत कोण राहतं, आणि समोरचा रस्ता किती रुंद आहे. स्वस्त वाटणारी जागा बहुतेक वेळा या तीनपैकी एका कारणानेच स्वस्त असते.

कसबा पेठ सर्वांत जुनी. बाकीच्या बहुतेक पेठा अठराव्या शतकात, पेशवाईत वसल्या. शनिवारवाडा १७३२ मध्ये राहता झाला आणि गाव त्याच्याभोवती वाढलं. त्या काळात पाडलेले प्लॉट तोंडाला अरुंद आणि आत खोल असत, वीस-पंचवीस फूट दर्शनी रुंदी आणि मागे शंभर फुटांपर्यंत लांबी. हा आकार पुढे सारखा आडवा येतो. नदीकडेच्या भागात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने अनेक वाडे कोसळले, त्यामुळे तिथे जुन्या वाड्यांच्या जागी आलेल्या, आता साठीकडे झुकलेल्या इमारती जास्त दिसतात. आतल्या बाजूला, कसबा, रविवार, शुक्रवार, सदाशिवच्या काही गल्ल्यांत अजून लाकडी सांगाड्याचे वाडे उभे आहेत.

सह्या किती?

पेठांमध्ये सातबारा नसतो, मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, असते. नगर भूमापन कार्यालयातून ती काढा आणि त्यावरचं शेवटचं नाव बघा. सत्तर वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचं नाव अजून तसंच असेल, तर विकणारा माणूस मालक आहे असं पत्रिका म्हणत नाही. तो वारसांपैकी एक आहे एवढंच. महापालिकेची मिळकतकराची पावती त्याच्या नावावर असली तरी त्याने मालकी सिद्ध होत नाही. कर कुणीही भरू शकतो.

इथे वंशावळ काढावी लागते, तीन पिढ्यांची, मुलींसकट. महाराष्ट्राने १९९४ मध्येच त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. देशभरासाठी तो ९ सप्टेंबर २००५ पासून आला, आणि वडील त्या तारखेला हयात नसले तरी मुलीचा हक्क टिकतो असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी मात्र तशीच राहते. ‘आमची तोंडी वाटणी चाळीस वर्षांपूर्वी झालीये’ हे वाक्य पेठेत फार ऐकू येतं. त्याला सरकारदरबारी जुना आधार नसेल तर त्यावर एक रुपयाही देऊ नये. नाशिकला दिलेली आत्या, तिची मुलं, अमेरिकेतला पुतण्या, या सगळ्यांच्या सह्या हव्यात किंवा त्यांची हक्कसोडपत्रं हवीत. हक्कसोडपत्र जवळच्या नात्यात नाममात्र मुद्रांकात होतं, पण ते नोंदवलेलं असावं लागतं. शंभराच्या स्टँपवर नोटरी केलेला कागद इथे उपयोगाचा नाही.

परदेशातला वारस कुलमुखत्यारपत्र पाठवतो तेव्हा दोन ठिकाणी घोळ होतो. एक, ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारने दिलेला शिक्का) केलेलं नसतं. दोन, भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरायचा राहून जातो. शिवाय तो अनिवासी असेल तर त्याच्या हिश्शाचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर, तुम्ही कापायचा, आणि तो नेहमीचा एक टक्का नव्हे. निवासी विक्रेत्याला ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीवर १ टक्का कापतात. अनिवासी विक्रेत्याला ही मर्यादाच नाही आणि दर दीर्घकालीन नफ्यावरच्या करासारखा, १२.५ टक्के अधिक अधिभार आणि उपकर. तो कापला नाही तर आयकर खातं खरेदीदाराला धरतं. सहा वारसांतले दोन बाहेरचे असतील, तर पैसे देण्याआधी सीएशी बोलणं भाग आहे.

सगळ्यांच्या सह्या जमत नाहीत म्हणून कुणीतरी सुचवतं, ‘तुम्ही माझा एकट्याचा वाटा घ्या, स्वस्तात देतो.’ कायद्याने वाटा विकता येतो. पण अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला वाटा परक्याने घेतला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला आत येऊन एकत्र ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ खाली कुटुंबातला कुणीही त्याचा वाटा कोर्ट ठरवेल त्या किमतीला विकत घेऊ शकतो. म्हणजे पैसे अडकतात, ताबा नाही, आणि जिंकलात तरी घर कुटुंबाकडेच जाऊ शकतं. उरलेले वारस तुमच्या घरचेच असतील तरच या वाटेला जावं.

काही मिळकती देवस्थानच्या किंवा सार्वजनिक न्यासाच्या असतात. तिथे विश्वस्तांच्या सह्या पुरत नाहीत, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पत्रिकेवर देवाचं नाव किंवा ‘ट्रस्ट’ दिसलं, की पुढची बोलणी थांबवून आधी ही परवानगी आहे का ते विचारा.

वकिलाकडून किमान तीस वर्षांचा टायटल सर्च घ्या. पेठेतल्या मिळकतींच्या अहवालात ‘अमुक सालची पानं फाटलेली आहेत’ असा शेरा बऱ्याचदा असतो. तो शेरा म्हणजे तेवढी वर्षं कुणी तपासलीच नाहीत. अशा वेळी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, १४-१५ दिवसांची मुदत ठेवा, आणि ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर प्रत्येक वारसाच्या नावाने चालू दावे शोधा. हा शोध फुकट होतो, तरी फार थोडे लोक करतात.

आत कोण राहतं?

मुंबईहून येणारे खरेदीदार इथे हमखास चुकतात. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे, तिथले पुनर्विकासाचे नियम त्याभोवती बेतलेले आहेत. पुण्यात असं मंडळ नाही. इथे मालक, भाडेकरू, महापालिका आणि लघुवाद न्यायालय एवढेच.

जुन्या भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू होतो. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. मालकाला दरवर्षी ४ टक्के भाडं वाढवता येतं. महिना ६० रुपये भाडं असेल तर पहिल्या वर्षीची वाढ दोन रुपये चाळीस पैसे. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेहक्क जातो. वाडा तुम्ही विकत घेतला की मालक बदलतो, भाडेकरू तसाच राहतो, त्याच भाड्यावर.

खाली करायची कारणं कायद्यात मोजकी आहेत. भाडं थकवणं, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, मालकाची खरी गरज, सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा न वापरणं, पाडून नवी इमारत बांधायची असणं. प्रत्येक कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं. मालकाच्या गरजेच्या दाव्यात कोर्ट हेही बघतं की खाली केल्याने भाडेकरूची अडचण जास्त की न केल्याने मालकाची. पाडून बांधण्याच्या दाव्यात मंजूर नकाशा आणि पैशाची सोय दाखवावी लागते. म्हणून ‘तीन खोल्या तर बंदच आहेत, रिकाम्या समजा’ असं दलाल म्हणाला तर त्या तीन खोल्या भरलेल्या धरा. कुलूप ज्याचं, खोली त्याची, कोर्ट वेगळं म्हणेपर्यंत.

आणखी एक भ्रम असा की वाडा धोकादायक ठरला आणि महापालिकेने पाडला, की भाडेकरू आपोआप संपले. महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची, धोकादायक इमारतीची नोटीस दर पावसाळ्याआधी पेठांतल्या कित्येक वाड्यांना लागते. ती कोसळण्याच्या भीतीपोटी असते, मालकाच्या सोयीसाठी नसते. इमारत पडली तरी जमिनीवरचा भाडेहक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं आहे. त्यामुळे मोकळा प्लॉट दिसला तरी विचारायचं: इथे आधी कोण होतं, त्यांची क्षेत्रं मोजून ठेवली का, त्यांच्याशी लेखी करार झाला का?

पागडी घेणाऱ्याने हेच उलट बाजूने बघायचं. १९९९ च्या कायद्याने पागडीची देवघेव मान्य केली, पण मालकाच्या लेखी संमतीशिवाय आणि तुमच्या नावच्या भाडेपावतीशिवाय तुम्ही कायद्याच्या नजरेत पोटभाडेकरू ठरता. बँका पागडीवर सहसा गृहकर्ज देत नाहीत, त्यामुळे पुढे विकतानाही रोख पैसेवालाच गिऱ्हाईक शोधावा लागतो. पागडीत पैसा मिळतो तो पुनर्विकास झाला तर. तो कधी होईल हे तुमच्या हातात नसतं.

हिशेब बसतो का?

पुनर्विकासाच्या आशेवर वाडा घेणाऱ्याने आधी कागदावर एक हिशेब करावा. आकडे समजण्यापुरते घेतलेत, आपल्या प्लॉटचे घालून बघा.

समजा २०० चौरस मीटरचा प्लॉट आहे आणि सगळं धरून २ चा चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, मिळतोय. एकूण बांधकाम ४०० चौरस मीटर. आत ८ भाडेकरू. प्रत्येकाला भिंती, जिन्यासह ३० चौरस मीटर दिले तर २४० चौरस मीटर त्यांच्यात गेले. विकायला उरले १६०. चौरस मीटरला १,२०,००० रुपये भाव आला तर विक्री १ कोटी ९२ लाख. बांधकाम चौरस मीटरला ३०,००० धरलं तर ४०० चौरस मीटरचे १ कोटी २० लाख. भाडेकरूंना बाहेर राहायला महिना १५,००० प्रमाणे ३० महिने द्यावे लागले तर ३६ लाख. उरले ३६ लाख. त्यातूनच महापालिकेची शुल्कं, आर्किटेक्ट, व्याज, बिल्डरचा नफा, आणि हो, वाड्याची किंमत. वाड्यासाठी तुम्ही ८० लाख मोजले असतील तर बांधकामाची वीट लागायच्या आधीच तोटा झाला.

तोच प्लॉट, पण भाडेकरू चारच. त्यांना १२० गेले, विकायला २८० उरले. विक्री ३ कोटी ३६ लाख. बांधकाम तेवढंच, बाहेरचं भाडं १८ लाख. उरले १ कोटी ९८ लाख. एकच गल्ली, एकच क्षेत्रफळ, आणि जमिनीची लायकी आठ भाडेकरूंमुळे जवळजवळ शून्यावर आलेली. पेठेतले इतके वाडे पडायला आले तरी कुणी हात लावत नाही, त्यामागे हे गणित आहे. जाहिरातीतल्या चौरस फुटाच्या भावात ते दिसत नाही.

भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींना एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत, जी डिसेंबर २०२० पासून लागू आहे, प्रोत्साहनपर जादा एफएसआयची तरतूद आहे. कागदावर ती हिशेब सुधारते. पण कागदावर मिळणारा एफएसआय आणि प्लॉटवर बसणारा एफएसआय या दोन गोष्टी वेगळ्या. तोंडाला सहा मीटर रुंद प्लॉट घ्या. दोन्ही बाजूंना एकेक मीटर सोडलं तर उरले चार. त्यात जिना, लिफ्ट, मजल्यावरचा बोळ, खाली गाड्या. अशा घरांच्या खोल्या रेल्वेच्या डब्यांसारख्या एकामागे एक येतात आणि मधल्या खोलीला उजेड कुठून द्यायचा हे आर्किटेक्टला सुचत नाही. उंची वाढवायची तर रस्त्याची रुंदी आणि अग्निशमनाची गाडी आत येण्याची सोय आडवी येते. तीन मीटरच्या बोळात एफएसआय मंजूर होऊनही बांधता येत नाही. शेजारचा मालक तयार असेल तर दोन प्लॉट एकत्र करणं हा यातला सगळ्यात शहाणा मार्ग असतो. दुर्दैवाने शेजाऱ्यांचं सामाईक भिंतीवरून दोन पिढ्यांचं भांडण असतं.

प्लॉटवरून जाणाऱ्या रेषा

महापालिकेकडून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा अभिप्राय लेखी घ्या. जुन्या हद्दीचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. त्यात रस्तारुंदीची रेषा तुमच्या ओसरीतून जात असेल तर दर्शनी भाग जाणार. मोबदला एफएसआय किंवा टीडीआरच्या, म्हणजे दुसरीकडे वापरता-विकता येणाऱ्या बांधकामहक्काच्या, रूपात मिळू शकतो, पण दुकान असलेला दर्शनी भाग गेला तर त्याची भरपाई एफएसआयने होत नाही.

शनिवारवाड्याच्या भोवती वेगळाच कायदा आहे. तो केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच. दुरुस्ती करता येते, तीही परवानगीने. कसबा आणि शनिवार पेठेतल्या कित्येक वाड्यांचा पुनर्विकास याच १०० मीटरमध्ये अडकला आहे. अंतर मोजायचं ते स्मारकाच्या संरक्षित सीमेपासून, मुख्य दरवाज्यापासून नव्हे. त्या रेषेच्या आतल्या वाड्यावर वरचा अख्खा हिशेब शून्य होतो. तिथे वाडा जसा आहे तसा राहायला, दुकानाला किंवा दुरुस्त करून वापरायला घ्यायचा असेल तरच घ्यावा.

महापालिकेची वारसा यादी हा तिसरा अडथळा, किंवा काहींसाठी संधी. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला जवळपास हातच लावता येत नाही, तिसऱ्या श्रेणीत आतून बदल आणि नव्या वापराला बरीच मोकळीक मिळते, आणि वारसा समितीची शिफारस लागते. वारसा वास्तूला न वापरता येणाऱ्या एफएसआयचा टीडीआर मिळू शकतो. चांगल्या स्थितीतल्या, भाडेकरू नसलेल्या, तिसऱ्या श्रेणीच्या वाड्याला हे सगळं जमून येतं. असा वाडा बाजारात क्वचित येतो.

नदीकडच्या बाजूला पूररेषा बघायची. नदीलगतच्या निळ्या पूररेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी असते. मेट्रोची भुयारी मार्गिका सिव्हिल कोर्टपासून स्वारगेटपर्यंत पेठांखालून जाते, कसबा पेठ आणि मंडई स्थानकं सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. स्थानकाजवळ जादा एफएसआय मिळेल म्हणून भाव वाढवून सांगितले जातात. तो एफएसआयही रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे, त्यामुळे अरुंद बोळातल्या मालकाला मेट्रोचा फायदा भाड्यात मिळेल, मजल्यांत नाही.

लाकूड, माती, चुना

वाडा ठेवायचा असेल तर तपासणी अशी करा. सुताराला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकत्र न्या. नुसता आरसीसी जाणणारा इंजिनिअर लाकडी वाडा बघून बहुतेकदा ‘पाडा’ म्हणतो.

खांबापासून सुरुवात. सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. खांबाचा बुंधा जिथे तळखड्याला टेकतो तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचा. चांगल्या सागाला जेमतेम ओरखडा उठतो. पातं बोटाच्या पेरभर आत गेलं तर बुंधा कुजलाय. वर ठणठणीत असलेला खांबही बुंध्याला गेलेला सापडतो, कारण नंतरच्या काळात कुणीतरी फरशी उंच करून तळखडा बुजवला आणि फरशी धुतलेलं पाणी रोज लाकडात मुरलं. असा खांब सगळा बदलायची गरज नसते. वरची तुळई टेकू देऊन उचलून धरतात, कुजलेला दीड-दोन फूट भाग कापून नवा सागाचा तुकडा कुसू (खाचेत बसणारं टोक) काढून सांधतात.

नंतर न्हाणीघर. मूळ वाड्यात ते मागच्या चौकात होतं. भाडेकरूंची सोय म्हणून वरच्या मजल्यावर, लाकडी पाटणावर (फळ्यांच्या जमिनीवर), मोऱ्या आणि संडास बांधले गेले. तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं ते नेमकं या मोरीखाली असेल तर तिथे वाळवी आणि कूज दोन्ही मिळतात. बाहेरून भिंतीवर पाइपाच्या रेषेत हिरवा डाग दिसतो का बघा.

तिसरी गोष्ट वजनाची. जुन्या पाटणावर ‘मजबुतीसाठी’ चार इंची काँक्रीटचा थर ओतलेला असतो. चार इंची काँक्रीटचं वजन चौरस मीटरला साधारण अडीचशे किलो. दहा बाय बाराच्या खोलीत ते पावणेतीन टनांच्या आसपास जातं. तुळया हे वजन पेलायला घातलेल्याच नव्हत्या. खालून तुळई मधोमध वाकलीय का ते दोरी ताणून तपासा.

मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा असेल तर तो गुण समजू नका. चुना आणि माती ओल बाहेर सोडतात, सिमेंट ती आत कोंडतं. बाहेरून गुळगुळीत भिंत आतून भुसभुशीत झालेली असते आणि एखाद्या पावसात गिलाव्यासकट खाली येते. दुरुस्तीत सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करायला हवा. असं काम करणारे गवंडी कमी आहेत आणि चुना वाळायला वेळ घेतो, तेव्हा मे महिन्यात सुरुवात करून जूनच्या आधी उरकण्याचा बेत करू नये.

शेजारच्या वाड्याशी सामाईक भिंत आहे का? शेजाऱ्याने त्याचा वाडा पाडला तर तुमच्या भिंतीचा आधार जातो. तुम्ही पाडला तर त्याचा. खरेदीआधी दोन्ही बाजूंचे तारीख असलेले फोटो काढून ठेवा. आणि गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की या वाड्यात आड कुठे होता. बुजवलेल्या आडावर नव्या इमारतीचा फुटिंग (खांबाचा पाया) आला तर ती बाजू खचते. नकाशात आड दाखवलेला नसतो, आजीला मात्र तो आठवतो.

नव्या इमारतीतला फ्लॅट

वरचं सगळं नको म्हणून बहुतेक जण पुनर्विकसित इमारतीतला फ्लॅट घेतात. सोपं आहे, पण महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) भरवशावर राहू नका. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात, आणि पेठेतले बरेच प्लॉट त्याहून लहान असतात. मग आधार उरतो १९६३ च्या जुन्या मोफा, म्हणजे सदनिका मालकीच्या, कायद्याचा: २० टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घेण्याआधी नोंदणीकृत करार झालाच पाहिजे. पाच लाखांची ‘बुकिंग’ आणि पावतीवर विश्वास, असं करू नका.

कागदांत विकसन करारनामा, प्रत्येक भाडेकरूशी झालेला नोंदणीकृत करार, मंजूर नकाशा आणि बांधकाम सुरू करण्याचा दाखला पाहा. सगळ्यात महत्त्वाचा असतो हिस्सेवाटपाचा तक्ता: कुठला फ्लॅट मालकांचा, कुठला भाडेकरूंचा, कुठला बिल्डरने विकायचा. तुम्हाला दाखवलेला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मालकाच्या हिश्शातला असेल आणि विकणारा बिल्डर असेल, तर सही चुकीच्या माणसाची आहे. भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नसताना ताबा घेतला तर पाणी आणि मिळकतकराचा त्रास होतोच, पुढे विकताना बँकही मागे हटते.

पुण्यात छोट्या इमारती बऱ्याचदा सोसायटी न करता अपार्टमेंट म्हणून घोषित होतात. त्यात फ्लॅटसोबत जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. घोषणापत्रातली टक्केवारी क्षेत्रफळाशी जुळते का आणि गच्ची, पार्किंग कुणाच्या नावावर लिहिलंय, हे वाचा. पेठेत पार्किंगचा एक खण फ्लॅटच्या बेडरूमपेक्षा जास्त भांडणं लावतो.

भाडं, कर्ज, खर्च

भाड्याची बाजू पेठांत चांगली आहे, विशेषतः सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेत. स्पर्धा परीक्षेची मुलं, अभ्यासिका, खानावळी, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. कॉट बेसिसवर दिलेल्या दोन खोल्या कुटुंबाला दिलेल्या फ्लॅटपेक्षा जास्त भाडं आणतात. झीजही जास्त, आणि इमारतीतल्या इतर रहिवाशांची तक्रारही. करार लीव्ह अँड लायसन्सचाच करा आणि नोंदवा. तोंडी भाड्याने दिलेली जागा पुन्हा भाडेकरूच्या वाटेला जाते. मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत आहे, भाड्याने दिली की ती जाते. हा फरक धरूनच परतावा काढा.

खरेदीवर पुणे शहरात मुद्रांक आणि उपकर मिळून ७ टक्के, महिलेच्या एकटीच्या नावे निवासी जागा असेल तर ६. शिवाय नोंदणी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. मुद्रांक व्यवहाराची रक्कम आणि सरकारी बाजारमूल्य यांतल्या जास्त आकड्यावर लागतो. भाडेकरू असलेला वाडा दराच्या निम्म्यात मिळत असेल तर कागदोपत्री मूल्य कसं धरलं जाईल हे आधी दुय्यम निबंधकाकडून, गरज पडल्यास अभिनिर्णय (मुद्रांक खात्याकडून आधीच मुद्रांक ठरवून घेणं) करून, ठरवून घ्या. जुन्या इमारतीवर कर्ज देताना बँक शिल्लक आयुर्मान पाहते. साठ वर्षांच्या लोडबेअरिंग (भिंतींवर भार असलेल्या) इमारतीला वीस वर्षांचं कर्ज सहसा मिळत नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीचा स्ट्रक्चरल दाखला विक्रेत्याकडून आधीच मागा.

बयाणा देताना रक्कम लहान ठेवा आणि करारात अटी लिहून घ्या: सर्व वारसांची नोंदणीकृत संमती ठराविक तारखेपर्यंत, भाडेकरूंची नावानिशी यादी त्यांच्या क्षेत्रासह, झोन दाखला आणि स्मारकापासूनच्या अंतराचा लेखी अभिप्राय, आणि यातलं एक जरी जमलं नाही तर बयाणा पूर्ण परत. विक्रेत्याने भाडेकरूंच्या यादीवर सही करायला टाळाटाळ केली, तर यादीत किमान एक नाव असं आहे जे त्याने तुम्हाला अजून सांगितलेलं नाही.